दोन्ही पंजे डोक्यावर

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी, मी वाद घालणार नाही. जिच्या डोळ्यांदेखत हे घडलं ती माझी सख्खी आत्या. एकतीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. कितीतरी माणसांचे डोळे तिनं आपल्या हातानं मिटले, पण भूतबित काही असतं असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आणि एक आधीच सांगतो. यात रात्र नाही, ओसाड रस्ता नाही, पडकं घर नाही.

भर दुपार होती. एक वाजून दहा मिनिटं. डोक्यावर ऊन, समोर कारंजं, रंगीत फुगे आणि स्पीकरवर लहान मुलांची गाणी.

म्हणूनच मला या गोष्टीची जास्त भीती वाटते.

आत्याचे मिस्टर, म्हणजे आमचे आतोबा, भारी गमत्या माणूस. शेजारच्याच्या पाण्यात मीठ टाकायचं, झोपलेल्याला मिशा काढायच्या, हे त्यांचे उद्योग. समोरचा चिडला की म्हणायचे, "अरे, गंमत कळत नाही का तुला?" मग चिडलेल्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. कदाचित म्हणूनच त्यांच्यातलं पोर कधी मोठं झालं नाही.

आत्या निवृत्त झाली तेव्हा ते तिला म्हणाले, "अगं, जन्मभर कण्हणारी माणसं बघितलीस. आता चार दिवस हसणारी बघ."

आणि साठी उलटलेलं ते जोडपं एका मोठ्या थीम पार्कमध्ये चार दिवस राहायला गेलं.

पहिल्याच दिवशी त्यांना ते अस्वल भेटलं.

पांढरंशुभ्र अस्वल. म्हणजे अस्वलाच्या पोशाखातला माणूस. गळ्यात लाल मफलर, चेहऱ्यावर शिवलेलं हसू. कारंज्यापाशी उभं राहून मुलांना मिठ्या मारायचं त्याचं काम. वर तळपतं ऊन, आणि त्याच्या अंगावर हातभर जाडीची लोकर.

आतोबांना खेळणंच मिळालं. त्यांनी त्याला मागून कवटाळलं. "ह्याचा फोटो काढ, ह्याचा! अगं, व्हिडिओच काढ!"

आत्यानं मोबाइल धरला.

अस्वलानं दोन्ही पंजे स्वतःच्या डोक्यावर ठेवले.

"अरे वा, साहेबांचं डोकं दुखतंय!" आतोबा ओरडले. लोक हसले. मुलांनीही हात डोक्यावर ठेवले. अस्वल वळून कोपऱ्यातल्या हिरव्या दाराकडे निघालं. आतोबांनी मफलर धरून त्याला मागे ओढलं. पुन्हा हशा. अस्वल पुन्हा निघालं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ते जरा भेलकांडलं. पंजे डोक्यावरून हलत नव्हते.

"अजून एकदा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आतोबांनी अजून एकदा ओढलं.

मग अस्वल खाली बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हिरव्या दारातून दोघी धावत आल्या, सोबत चाकांची खुर्ची. पार्कचा नियम असा, की मुलांसमोर पोशाखाचं डोकं काढायचं नाही. मुलं घाबरतात. म्हणून त्यांनी अस्वलाला तसंच खुर्चीत घातलं. एक खुर्ची ढकलत होती. दुसरीनं त्याचा लोंबणारा पंजा हातात धरून, हसऱ्या तोंडानं, सगळ्या मुलांना टाटा केला…

आत्याचा व्हिडिओ इथपर्यंत होता. घरी गेल्यावर मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायचं ठरलं.

पुढचे दोन दिवस अस्वल दिसलं नाही. त्यांनीही चौकशी केली नाही. पाळणे होते, आगगाडी होती, पाण्यातल्या घसरगुंड्या होत्या. आत्याचा हात धरून आतोबा लहान पोरासारखे धावत होते. आत्या सांगते, "लग्नात हसलो नव्हतो एवढे आम्ही त्या तीन दिवसांत हसलो."

चौथा दिवस शेवटचा. पाचची बस होती.

खाणं उरकून दोघं कारंज्याजवळच्या बाकावर बसली होती. आठवड्यातला मधलाच वार, गर्दी कमी. आत्यानं चपला काढून पाय मोकळे सोडले होते.

स्पीकरवरचं गाणं मध्येच थांबलं…

कारंजं चालू होतं. पाणी उडताना दिसत होतं, पण आवाज येईनासा झाला.

आणि मग…

श्वास.

अगदी कानाशी. खोक्यात तोंड घालून कुणी धापा टाकाव्यात तसा. आत… बाहेर… आत… बाहेर…

"अहो, ऐकलंत?"

"पंखा असेल कुठेतरी," आतोबा म्हणाले. मग एकदम उठले. "अगं, तो बघ! आपला दोस्त!"

कारंज्याच्या पलीकडे अस्वल उभं होतं.

जवळ एकही मूल नव्हतं. मुलं त्याच्या बाजूनं जात होती, आरपार बघत होती, पण एकाचंही पाऊल थबकत नव्हतं. अस्वलाच्या लोकरीतून पाणी ठिबकत होतं. खालची फरशी काळी ओली झाली होती.

"नको हो," आत्या म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"शेवटचा फोटो गं! पुन्हा कुठला भेटायचाय तो!"

आतोबा धावले आणि त्याला मिठी मारली.

या वेळी अस्वलानंही मिठी मारली.

आत्यानं मोबाइल वर केला… आणि तिचा हात तसाच राहिला.

मोबाइलमध्ये आतोबा एकटेच होते. दोन्ही हात हवेला कवटाळून. आणि त्यांच्या पाठीवरचा शर्ट दोन जागी आत दबला होता, दोन मोठ्या पंजांएवढा.

तिनं मोबाइल खाली केला. अस्वल होतं. वर केला. नव्हतं.

"अगं… सोडव की… फारच लळा लागलाय याला…" आतोबा हसत होते. मग हसणं थांबलं. नुसतं तोंड उघडं राहिलं.

गाणं पुन्हा सुरू झालं. पाण्याचा आवाज आला.

आतोबा एकटे उभे होते, चेहरा लालबुंद. "काय गरम आहे गं आतून," एवढंच म्हणाले आणि बाकावर येऊन बसले.

ओल्या पावलांची एक रांग हिरव्या दाराकडे गेली होती.

आत्या चिडली होती. घाबरली की ती चिडते. तरातरा जाऊन तिनं ते दार वाजवलं. दार एका वयस्कर बाईनं उघडलं. गळ्यात मोजपट्टी, पदराला पिना लावाव्यात तशा छातीशी टोचलेल्या सुया. पोशाख शिवणारी, धुणारी बाई. मागे खोलीत ससा, सिंह, बदक असे सगळे पोशाख उलटे करून टांगलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक पंखा सोडलेला. फळीवर नुसती डोकी, ओळीनं, हसणारी.

"तुमचं ते अस्वल," आत्या म्हणाली. "जरा समज द्या त्याला. माझ्या मिस्टरांचा जीव घुसमटला."

बाई बघतच राहिली. "कुठलं अस्वल, ताई?"

"पांढरं. आत्ता इकडेच आलं."

"अस्वल तीन दिवस बंद आहे." बाईनं कोपऱ्याकडे बोट केलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोरी बांधून, वर लाखेचा शिक्का मारून काहीतरी पांढरं ठेवलं होतं. "चौकशी चालू आहे म्हणून धुवायलाही देत नाहीत. त्यातला पोरगा गेला, ताई. उष्माघातानं. सव्वीस वर्षांचा होता. इथंच आणला त्याला, या फरशीवर."



"पोशाखाची चेन पाठीला असते. आतल्याचा हात पोचत नाही, बाहेरच्यानंच काढायची. बोलायची बंदी. म्हणून खूण ठरवलेली, दोन्ही पंजे डोक्यावर. म्हणजे, मला आत न्या." बाईचा आवाज ओला झाला. "पार्कवाले म्हणतात, त्यानं खूण केलीच नाही. चूक त्याचीच. त्याची आई रोज फाटकाशी येऊन बसते. म्हणते, माझा मुलगा वेंधळा नव्हता. कुणी पाहुणा त्याला ओढत होता म्हणे, आणि कुणी बाई व्हिडिओ काढत होती…"

तिनं आत्याच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. संशयानं नाही. आशेनं.

"ताई, तुम्ही होतात का हो पहिल्या दिवशी? तुम्ही काही पाहिलंत?"

आत्या म्हणाली, "नाही."

"मोबाइलमध्ये काही…"

"नाही म्हटलं ना."

बाईनं मान हलवली आणि हळूच दार लावलं.

आत्यानं तिथंच, दारासमोर उभं राहून, व्हिडिओ काढून टाकला. मग जिथं काढून टाकलेले व्हिडिओ जातात तिथूनही पुसला. हात जराही थरथरला नाही, असं तीच सांगते.

परत बाकापाशी आली तर आतोबा घामानं निथळत होते.

ती त्यांना हॉटेलच्या खोलीवर घेऊन आली. हिरव्या दारापाशी जे कळलं ते तिनं त्यांना सांगितलं नाही… ना चेनचं, ना खुणेचं, ना त्या पोराचं. एक शब्दही नाही. हे नीट लक्षात घ्या.

खोलीतला एसी तिनं सोळावर आणला. ओले टॉवेल गुंडाळले. काखेत, मानेखाली बर्फ ठेवला. तिच्या पिशवीत थर्मामीटर कायम असायचं. एकशे चार. दहा मिनिटांनी एकशे सहा. खोली एवढी गार, की खिडकीच्या काचेवर वाफ धरली. आत्याचे दात वाजत होते. आणि पलंगावर तिचा नवरा भाजत होता.

"अगं," आतोबा म्हणाले. "चेन काढ."

"कसली चेन हो?"

"मागची. पाठीची. माझा हात पोचत नाहीये."



तिनं त्यांना कुशीवर वळवलं आणि शर्ट टराटरा फाडला. उघडी पाठ. लाल, तापलेली, ओळखीची पाठ.

"काढली," ती म्हणाली. "काढली बघा."

"शर्टाची नाही गं… आतली. आतली काढ. गंमत नको करू. कोंडतंय."

मानेपासून कमरेपर्यंत तिनं बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. नखं लागून पाठीवर ओरखडे उठले. काही नव्हतं तिथं. नुसतं माणसाचं कातडं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं पहिल्यांदा काहीतरी अगदी मनापासून मागितलं होतं, आणि ते तिला देता येत नव्हतं.

मग आतोबांनी दोन्ही हात उचलले आणि डोक्यावर ठेवले.

"मी सांगते!" आत्या रिकाम्या खोलीत ओरडली. "मी जाऊन सगळं सांगते! सोडा यांना!"

खोलीत दोन श्वास चालले होते. एक आतोबांचा. दुसरा… खोक्यातून आल्यासारखा. आत… बाहेर… दोन्ही एका लयीत.

चार वाजून वीस मिनिटांनी आतोबांचा थांबला.

दुसरा त्यानंतरही बराच वेळ चालू होता.

डॉक्टर आला तेव्हा त्यानं आधी स्वतःचे हात चोळून गरम केले. शरीराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दाखल्यावर लिहिलं, 'उष्माघात'. दोनदा वाचलं. खिडकीवरच्या वाफेकडे पाहिलं. पण खोडलं नाही.

पाचची बस गेली.

आत्यानं पुढे पार्कमध्ये कुणालाही काही सांगितलं नाही. "सांगून काय उपयोग? दाखवायला काय होतं माझ्याकडे?" म्हणते. चौकशी बंद झाली. चूक पोराचीच ठरली.

हे सगळं तिनं मला गेल्या महिन्यात सांगितलं, ताट पुसता पुसता.  मग मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आत्या, तुला खुणेचं माहीत नव्हतं हे खरं. पण तू नर्स होतीस. तो भेलकांडत होता. व्हिडिओ काढताना… तुला कळलं नव्हतं का?"

तिनं ताट जागेवर ठेवलं.

"पहिल्यांदा भेलकांडला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "जाळीतून डोळेही दिसत होते त्याचे."

"मग?"

"मग काय. 'अजून एकदा' मीच म्हणाले होते."

सध्या आत्या आमच्याकडेच राहते. माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं, तेव्हापासून सगळं तीच बघते. लोक म्हणतात, नशीबवान आहात, बहीण असावी तर अशी. खरंच आहे. अंथरूण स्वच्छ, औषधं वेळेवर, बोलणं मायेचं.

काल मी कामावरून लवकर आलो. आत्या पलंगाशेजारी खुर्चीत बसली होती. बाबा टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे एकटक बघत होते. ओठ फुटले होते.

पेला आत्याच्या हाताशी होता. भरलेला.

"बाबांना पाणी हवंय का गं?" मी विचारलं.

"कळतंय मला," आत्या हसून म्हणाली. पण उठली नाही.

पाणी मी पाजलं. आज मी कामावर गेलो नाही. उद्याचं अजून ठरवलेलं नाही.