क्लोरीन लावलेल्या घरातला ताप

नुरीस दारात आली तेव्हा तिचा निळा अंगरखा कमरेपासून खाली ओला होता.

"पाऊस लागला की काय?" किरीलोनं विचारलं.

"पाऊस नाही, बादली. टायरवाल्या बेलार्मिनोच्या गल्लीतल्या बाईनं गच्चीवरून ओतली. म्हणाली, पुन्हा दारात दिसलीस तर पाणी उकळून ओतीन."

एमेलिंदा पेगेरोनं तिला पंचा दिला, खुर्ची दिली आणि कॉफी टाकली. एमेलिंदा पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे शोधायची. आता सगळी पाल्मा कोर्ता वस्ती तिला मानानं 'दोन्या' म्हणायची आणि ती घरी बसून लोकांची कामं घ्यायची. कुणाची बकरी हरवलेली असायची, कुणाचा नवरा. किरीलो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची भाड्याची मोटरसायकल होती. तपासाला तो तिला घेऊन जायचा आणि तिला विचारायला लाज वाटेल असे प्रश्न विचारायचा.

नुरीसला सगळी वस्ती ओळखत होती. ती वस्तीतल्या दवाखान्याची कार्यकर्ती. घरोघर जायची, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायची, लसीची आठवण करायची आणि पाण्याची पिंपं तपासायची. नळाला रोज पाणी नसायचं, त्यामुळे पिंप नाही असं घर नव्हतं.

"डेंग्यू आलाय," नुरीस म्हणाली. "मिलाग्रोसची धाकटी शहरातल्या इस्पितळात आहे. नाकातून रक्त येतंय. आणि लोक म्हणतात, नुरीस जिथं क्लोरीन लावते तिथंच ताप शिरतो."

"खरं आहे का ते?"

नुरीसनं कप खाली ठेवला. "खरं आहे, दोन्या एमेलिंदा. म्हणून तर तुमच्याकडे आले. जे मला आत घेतात, तेच पडलेत. जे हाकलतात ते ठणठणीत. उद्या दुपारी दवाखान्याच्या अंगणात वस्तीची बैठक आहे. आमच्यापैकी कुणालाही दारात उभं करायचं नाही, असं ठरणार आहे. दारं बंद झाली की पिंपं कोण बघणार? अजून पोरं पडतील."

"तुला नोकरीची भीती नाही वाटत?" किरीलोनं विचारलं.

"वाटते. पण ती पोर माझ्या डोळ्यांसमोर जन्मली आहे."

एमेलिंदानं रिकामे कप उचलले. मग म्हणाली, "सकाळी निघू. मेहुणेबुवा, पेट्रोल आधी भरून ठेवा. मागच्या वेळसारखी गाडी ढकलायला लावू नका."

सकाळी ते आधी मिलाग्रोसच्या घरी गेले. मिलाग्रोस इस्पितळात होती. तिच्या आईनं दार उघडलं, नुरीसला बघून क्षणभर थांबली आणि मग बाजूला झाली.

"आत येऊ का?" नुरीसनं तरी विचारलं.

"ये बाई. लोक काय वाटेल ते बोलतात."

नुरीसनं पिंपाचं झाकण काढलं. पाणी स्वच्छ होतं. तिनं क्लोरीन आणि साबणाचा लगदा स्पंजावर घेतला आणि पाण्याच्या वरची कोरडी कड घासायला लागली.

"अळ्या पाण्यात असतात," किरीलो म्हणाला. "तू कोरडी भिंत काय घासतेस?"

"अळ्या पाण्यात, पण अंडी वर. डास पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो. कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने मरत नाहीत. पाणी चढून त्यांना लागलं की फुटतात."

"म्हणजे पाणी भरलं की डास?"

"न घासता भरलं की."

शेजारच्याच दारात दोन्या फेफा केळ्याचे काप तळत बसली होती. तिचं आणि मिलाग्रोसचं घर एका भिंतीचं.

"तुमच्याकडेही क्लोरीन लावतात?" एमेलिंदानं विचारलं.

"लावते ना ही. मी कशाला नको म्हणू? फुकट पिंप घासून मिळतं."

"आणि ताप?"

"मला? मी दिवसभर ह्या कढईपाशी. ताप मला घाबरतो."

"दवाखान्यात शेवटचं कधी गेला होतात?"

दोन्या फेफानं झारा हलवला. "मी आणि दवाखाना! त्या बाकावर अर्धा दिवस बसून माझं तेल जाळू? मला माझा काढा पुरतो. डॉक्टरीणबाई दिसली की रागावते, म्हणते साखर तपासून जा. मी म्हणते, तूच ये, काप खा आणि माझी साखर बघ."

"आली का?"

"आली की! काप पण खाल्ले."

मोटरसायकलवर बसताना किरीलो म्हणाला, "ही बाई आपल्या काही कामाची नाही."

"ही बाई सगळ्यात कामाची आहे," एमेलिंदा म्हणाली. "क्लोरीन दोन्ही घरांत. ताप एकाच घरात."

पुढचं दार बेलार्मिनोचं. तो टायर पंक्चरवाला. वस्तीत नुरीसविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. त्याच्या अंगणात जुन्या टायरांचा ढीग होता. किरीलोचे डोळे चमकले.

"सापडला," तो एमेलिंदाच्या कानाशी कुजबुजला. "टायर म्हणजे डासांचं हॉटेल."

एमेलिंदानं एक टायर उचलला, उलटा केला, मग दुसरा. प्रत्येक टायरला खालच्या बाजूनं भोकं होती. आत पाण्याचा थेंब नव्हता.

"काय शोधताय?" बेलार्मिनो बाहेर येत म्हणाला. "पंक्चर असेल तर सांगा. नाहीतर ह्या बाईला घेऊन निघा."

"ही भोकं कुणी पाडली?"

"मी. टायर माझे, भोकं माझी."

"कुणी सांगितलं होतं?"

त्याचा आवाज जरा खाली आला. "ओलिंपियानं. आधीची परिचारिका. माझ्या आईचा पाय सडला होता, ती रोज येऊन मलमपट्टी करायची. रविवारीसुद्धा. जाता जाता टायरांकडे बोट दाखवून म्हणायची, बेलार्मिनो, भोकं. तिचं ऐकलं मी. ह्यांचं ऐकणार नाही. हे लोक घरात शिरतात आणि ताप ठेवून जातात."

"दवाखान्यात जाता?"

"ओलिंपिया गेल्यापासून पाय ठेवला नाही. तिच्या जागी दुसरं कुणी बसलेलं बघवत नाही."

नुरीस टायरांपाशी वाकली. एका टायराचं भोक बुजत आलं होतं, ते तिनं काडीनं मोकळं केलं. बेलार्मिनो बघत राहिला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीत लांब बाक. बाकावर माणसं दाटीनं बसली होती. नव्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर तेहादा, दारात उभ्या राहून प्रत्येकाला नावानं हाक मारत होत्या. कुणाला चपला का घातल्या नाहीत म्हणून रागावत होत्या, कुणाच्या सुनेची चौकशी करत होत्या.

बाकाच्या टोकाला भिंतीशी एक छोटा कट्टा होता. त्यावर ओलिंपियाचा फोटो, फोटोसमोर रुंद तोंडाचा निळा रंगवलेला मातीचा माठ आणि शेजारी पाण्याचा जग. ओलिंपियाचा नवरा, दॉन सिलवेरियो, दवाखान्याचा पहारेकरी होता. तो ओल्या फडक्यानं माठ पुसत होता. बाहेरून, गोल गोल, सावकाश.

दिवस भरत आलेली एक बाई उठली, तिनं जगमधलं घोटभर पाणी माठात ओतलं आणि क्रुसाची खूण केली.

"ओलिंपियाला तहान लागू नये म्हणून," दॉन सिलवेरियो एमेलिंदाला म्हणाला. "येईल तो घोटभर ओततो. वर्ष होत आलं. माठ कधी रिकामा होऊ दिला नाही."

किरीलोनंही टोपी काढून घोटभर ओतलं. ओलिंपियानं त्याच्या दोन्ही पोरांना पहिली लस दिली होती. मग तो बाकावर बसला आणि घोटा खाजवायला लागला.

"बाकाला ढेकूण झालेत," तो पुटपुटला.

एमेलिंदानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पहिला ताप कुणाला आला?"

"मिलाग्रोसच्या भाच्याला. राजधानीहून आला तोच तापात. सकाळभर ह्याच बाकावर होता, शहरात पाठवायला गाडी मिळेपर्यंत. तो बरा झाला. मग पंधरवड्यानं बाकीचे. मिलाग्रोसची धाकटी, ती ताप यायच्या आधीच्या आठवड्यात लसीला आली होती. मग गरोदर डायसी. मग म्हातारे मास्तर, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात."

"घरं जवळजवळ आहेत?"

"छे. वस्तीच्या चार टोकांना. आणि वाईट हेच वाटतं की सगळे माझे शहाणे पेशंट. एक तपासणी चुकवत नाहीत." डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळले. "मी रात्रंदिवस विचार करतेय, आमचं कुठे चुकलं."

एमेलिंदा बाकाकडे बघत राहिली. मग किरीलोच्या घोट्याकडे. मग म्हणाली, "बैठक कधी सुरू करायची?"

लोक जमतच होते. अंगण भरलं. बेलार्मिनो कुंपणाबाहेर उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"ठरवायचं काय आहे?" तो तिथूनच ओरडला. "दार बंद!"

"बंद करा," एमेलिंदा म्हणाली. "पण आधी मी सांगते ते ऐका. नंतर शिव्या द्या."

लोक हसले आणि गप्प झाले.

"तुम्ही म्हणता, नुरीसनं क्लोरीन लावलेल्या घरात ताप येतो. दोन्या फेफाच्या घरी क्लोरीन आहे. ताप कुठाय?"

"मला घाबरतो!" दोन्या फेफा ओरडली.

"तो तुम्हाला घाबरत नाही, तुम्हाला भेटलाच नाही. हा डास दिवसा चावतो आणि जिथं जन्मतो तिथून फार लांब जात नाही. मिलाग्रोसच्या घरात तो असता तर भिंतीपलीकडे दोन्या फेफाला दिवसभरात चावलाच असता. म्हणजे तो मिलाग्रोसच्या घरातला नाही. मग पोरीला कुठे चावला? आजारी माणसं चार टोकांना राहतात. पण दिवसा ती सगळी एका ठिकाणी येऊन बसतात. जी नुरीसला दार उघडतात, तीच तिथंही नेमानं येतात. जी येत नाहीत, दोन्या फेफा, बेलार्मिनो, ती धडधाकट आहेत. राजधानीचा तापलेला भाचाही त्याच ठिकाणी सकाळभर बसला होता. तिथल्या डासांना ताप त्यानं दिला."

कुणीतरी हळूच म्हणालं, "बाक."

"बाक. मेहुणेबुवांचा घोटा बघा. ढेकूण घोट्याला गोळा होऊन चावत नाहीत, हा डास चावतो. आज सकाळी नुरीसनं आम्हाला सांगितलं, अंडी कडेला कोरडी बसतात आणि पाणी चढलं की फुटतात. अशी कुठली जागा आहे, जिथं पाणी थोडं उडतं, पुन्हा थोडं चढतं, पण कधी उपसलं जात नाही, कधी कड घासली जात नाही? घरी तुम्ही आपल्या गेलेल्या माणसासाठी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी रोज बदलता. इथं प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बदलतंय."

किरीलोनं मोटरसायकलमधली विजेरी आणली. त्याचा चेहरा उतरला होता. एमेलिंदानं उजेड माठात सोडला. डॉक्टरीणबाई वाकल्या, मग नुरीस. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

सगळे दॉन सिलवेरियोकडे बघत होते. त्याच्या हातात फडकं तसंच होतं.

"चूक दवाखान्याची आहे," डॉक्टरीणबाई मोठ्यानं म्हणाल्या. "माझी. तुमच्या घरात वाकून बघते आणि माझ्या दारात बघितलं नाही. त्या फोटोपुढे आम्ही हात जोडले, माठात डोकावलो नाही. मिलाग्रोसला मी स्वतः जाऊन सांगणार आहे. दार बंद करायचं असेल तर मला करा. नुरीसला नका करू."

"पाणी मीही ओततो," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. "ओततोच मी. दर खेपेला."

"आम्हीही," दुसरी बाई म्हणाली.

नुरीस माठापाशी गेली, पण तिनं हात लावला नाही.

"दॉन सिलवेरियो," ती म्हणाली, "तपासू का? परवानगी आहे?"

म्हाताऱ्यानं माठाच्या कडेवर हात ठेवला.

"तिचंच पाणी आहे असं वाटायचं मला, पोरी. सकाळी उठून यायला काहीतरी होतं."

"माहीत आहे."

"आत बघायला हवं होतं. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या पिंपात बघितलं." त्यानं डोळे पुसले, त्याच फडक्यानं. "आहे परवानगी. पण एकटी उचलू नकोस, जड आहे."

दोघांनी माठ उचलून अंगणात नेला आणि तापलेल्या मातीवर पाणी ओतलं. कुंपणाबाहेरून बेलार्मिनो आत आला. त्यानं माठ दोन्ही हातांनी तिरपा धरला. नुरीसनं स्पंज पुढे केला आणि दॉन सिलवेरियो आतली कड घासायला लागला.

बाकाखालची जागा डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी झाडून फवारून घेतली. मिलाग्रोसची पोर घरी आली. अशक्त होती, पण दोन्या फेफाच्या कापांसाठी भांडत होती.

सोमवारी नुरीस फेरीला निघाली तेव्हा दॉन सिलवेरियो बादली घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. पहारा रात्रीचा असतो, म्हणाला, सकाळी मला काम नसतं.

पहिलं घर गच्चीवरून बादली ओतणाऱ्या बाईचं होतं. नुरीस दारापासून जरा लांबच थांबली आणि वर बघितलं. म्हातारा पुढे झाला, त्यानं दार वाजवलं.

"कोण आहे?"

"दवाखाना," दॉन सिलवेरियो म्हणाला. "आत येऊ का?"

मग आतून कडी सरकली.