स्वच्छ नमुना

भाजलेल्या मुलीला लावलेल्या कातडीतून विषाणू शिरला आणि सहाव्या दिवशी ती गेली. त्वचापेढीच्या संचालकांना तासाभरात दोषी सापडली: प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. मृत दात्याच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं नाहीत, असा अहवाल तिचा होता. तिला घरी बसवलं. उद्या पोलिसांत तक्रार जाणार होती.

ती थेट वहिनींकडे आली. वहिनी खासगी तपास करत. अख्खं गाव त्यांना वहिनीच म्हणे, कारण सतत मागे असणारे त्यांचे दीर, भावोजी, तसं म्हणायचे.

"तीच नळी मी तीनदा तपासली, वहिनी. तिन्ही वेळा निगेटिव्ह. आता मुलीच्या आईला माझंच नाव सांगितलंय."

वहिनींनी दात्याच्या भावाला फोन लावला. दोन महिन्यांपूर्वी दात्याला याच विषाणूचा ताप येऊन गेला होता, असं तो सहज बोलून गेला. ताप उतरला तरी हा विषाणू कातडीत दबा धरून बसतो आणि रक्तातली प्रतिपिंडंच त्याची चुगली करतात. मग ती प्रतिपिंडं गेली कुठे?

तंत्रज्ञाला आणि भावोजींना घेऊन वहिनी पेढीत गेल्या. संचालक आधी ओरडले, मग पद्धत चोख असल्याचं सांगत बसले. दाते मृत्यूनंतर दहा-बारा तासांनी येतात, साथीच्या हुकुमामुळे कातडी काढली की प्रेत लगेच नातेवाइकांना द्यावं लागतं, वगैरे.

प्रयोगशाळेत आजच्या दात्यांच्या नळ्या उभ्या होत्या. भावोजी वाकून बघू लागले.

"बाकी सगळ्यांतलं सीरम लालसर. ही एकच बघा, कशी स्वच्छ पिवळी! याला म्हणतात काम."

वहिनींनी फ्रीजरमधून मुलीच्या दात्याची जुनी नळी काढायला लावली. तीही पिवळी होती.

दात्यांचं रक्त काढणारा माणूस मऊ बोलायचा. त्याच्या कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला होता. स्वयंपाक करताना तेल उडालं, म्हणाला.

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बसवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. भावोजींना त्याचीच भीती वाटली.

"यंत्र बरोबर, तंत्रज्ञ बरोबर. चुकीचं आहे ते रक्त. मेलेल्या माणसाच्या रक्तपेशी फुटतात, सीरम लाल होतं. पिवळं सीरम जिवंत माणसाचं. आणि तेल काय, नेमकं शिरेवर उडालं?"

तो मग बोलला. कातडी काढली, घाईत रक्त घ्यायचं राहिलं, आठवलं तोवर प्रेत गेलं होतं. नमुना नाही म्हणजे कातडी फेकायची. त्याने स्वतःच्या दंडाला रबर बांधलं. आज पुन्हा तेच झालं.

"सगळी कातडी फुकट गेली असती हो."

"आणि मुलगी?" तंत्रज्ञ म्हणाली.

आजच्या पिवळ्या नळीच्या दात्याची कातडी तपासणी संपण्याआधीच रुग्णालयात गेली होती. वहिनींनी स्वतः फोन करून शस्त्रक्रिया थांबवली. कातडीचा डबा अजून उघडला नव्हता.

संचालकांनी घाम पुसला. हे बाहेर जायला नको, तंत्रज्ञाला आजच कामावर घेतो, असं ते पुटपुटले.

वहिनींनी रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला.

"मुलीच्या आईला हिचं नाव तुम्ही सांगितलंत ना? आता खरं काय तेही तुम्हीच सांगा. मी ऐकतेय."

संचालकांनी नंबर फिरवला. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.