एकोणीस ठिकाणी कॅमेरा ढळला

आखाती देशातल्या कुरुम भागातल्या भाषांतर-कचेरीत ज्ञानदाच्या काउंटरपुढे दिवसाला तीसेक माणसं येत, आणि ती प्रत्येकाला एका नजरेत जोखत असे. हा पासपोर्ट हरवलेला, हा भागीदाराशी बिनसलेला, हा उगाच भांडकुदळ. त्या जुलैच्या सकाळी मात्र तिचा अंदाज फसला. काचेचं दार ढकलून एक उंच, सावळा तरुण आत आला, त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि आल्या पावली बाहेर निघाला.

“अहो, भाषांतर इथेच होतं!”

“मी... नंतर येतो.”

“बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. नंतरपर्यंत वितळाल.”

तो परत आला. नाव प्रताप, हमरियात फोटो स्टुडिओ. कोर्टात द्यायचा कागद अरबीत करून हवा होता. ज्ञानदाने पहिली ओळ वाचली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“तक्रारदार रखमाबाई? ही तर माझी मावशी!”

“माहीत आहे,” तो म्हणाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. “म्हणजे... लग्नात पाहिलं होतं तुम्हाला. कॅमेऱ्याआडून.”

दोन महिन्यांपूर्वी रुवीच्या एका हॉलमध्ये मावशीच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं. व्हिडिओ प्रतापने काढला आणि मावशीने त्याला थेट कोर्टात खेचलं. तक्रार एका ओळीची, ‘याने व्हिडिओची वाट लावली.’ त्यावर प्रतापचे वकील राजीव यांची मागणी अशी की वाट कशी लावली, कितव्या मिनिटाला, ते लेखी द्या. शिवाय तपशिलात जे नसेल ते बाईंना पुढे मांडता येणार नाही.

“वकील हुशार आहे तुमचा.”

“तेच तर दुखणं आहे! त्याला हात जोडून सांगतोय, तपशील मागू नका. तो म्हणतो, मागितला की बाई गप्प बसेल.”

“मावशी? गप्प?” ज्ञानदाला हसू आवरेना.

“भाषांतरात थोडी... चूक नाही का करता येणार?”

“खाली शिक्का माझा असतो, साहेब.”

“हरलो तर व्हिसा रद्द, असं माझा अर्बाब, स्टुडिओचा मालक, म्हणालाय. खलास.” हे तो हसत म्हणाला, पण पेनाचं टोपण त्याने तीनदा काढून तीनदा लावलं. ज्ञानदाच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नसत.

आठवड्याभराने मावशीने तपशील देण्याचा कोर्टाचा आदेश आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह तिच्या पुढ्यात आदळला. “तू शिकलेली. लिही मिनिटामिनिटाचं!”

शुक्रवारी ज्ञानदा व्हिडिओ लावून बसली. बारावं मिनिट. नवरीच्या हळदीऐवजी हिरव्या साडीतली एक मुलगी जिलबी खातेय. एकतिसावं. मंगलाष्टकं चाललीत, पडद्यावर तिचेच झुमके. अडतिसावं. अंतरपाट दूर झाला, वधूवरांची नजरानजर झाली असणार, पण दिसतेय ती केसांतल्या अक्षता वेचणारी ज्ञानदाच! मोजून एकोणीस जागा. लिहावं तर बिचाऱ्याचा व्हिसा जातो आणि अर्ध्या रुवीत आपला बोभाटा होतो. लपवावं तर मावशीच्या विश्वासाचं काय?

तिने प्रतापला फोन लावला.

“मुद्दा सातवा. माझ्या कानातल्यांवर एक मिनिट दहा सेकंद. खुलासा?”

“ते... हलत होते. हलणाऱ्या वस्तूकडे कॅमेरा आपोआप जातो.”

“मुद्दा अकरावा. मी भिंतीला टेकून अगदी स्वस्थ उभी आहे.”

पलीकडून पेनाच्या टोपणाची टकटक ऐकू आली.

“तिथे मीच हललो असेन.”

तिने फोन छातीशी दाबला आणि पोटभर हसून घेतलं. मग जरा गंभीर होऊन विचारलं, “मग, देऊ ही यादी?”

“द्या. खरंच आहे ते. एका आईचा तो क्षण मी घालवला. फक्त तुमचं नाव नको. ‘एक पाहुणी’ लिहा.”

स्वतःची मान सुरीखाली असताना या माणसाला काळजी आपल्या नावाची! ज्ञानदाने त्याच संध्याकाळी त्याला वादी कबीर भागातल्या मावशीच्या घरी बोलावलं. सहीआधी तक्रारदाराने यादी वाचलीच पाहिजे, हे तिचं कारण. आणि जे होईल ते समोरासमोर होऊ दे, हे तिच्या मनातलं.

मावशीने चष्मा चढवला. “एक पाहुणी... पुन्हा एक पाहुणी... कोण गो ही बया?” तिने टीव्ही लावला. प्रताप सोफ्याच्या काठावर टेकला होता, ज्ञानदा गालिच्याची नक्षी पाहत होती. एकोणीसच्या एकोणीस जागा बघून झाल्यावर मावशीने चष्मा काढला.

“ह्याने तुझ्याकडे बघितलं, ते लिहिलंस. तू ह्याच्या कॅमेऱ्यात बघून हसत्येस, ते का नाही लिहिलंस? अकरा वेळा!”

“ते... तक्रारीत बसत नव्हतं, मावशी.”

“अकरा?” प्रतापच्या तोंडून निसटलं. “मी नऊच मोजल्या होत्या.”

मावशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “खटला मागे घेत्ये. भाचीची कीर्ती कोर्टात वाचून दाखवू की काय? पण एक अट. तुमच्या लग्नात कॅमेरा पूर्ण वेळ माझ्या लेकीवर. अंतरपाटालासुद्धा!”

“मान्य!” न्यायाधीशापुढे उभं राहावं तसा प्रताप ताडकन उठला.

“मान्य काय, मान्य?” ज्ञानदा उसळली. “मला अजून कुणी काही विचारलेलंच नाही!”

मावशी “चहा टाकत्ये” म्हणून उठली.

प्रताप तिच्यासमोर आला. हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला उमजेना. “मला नीट बोलता येत नाही. मला तुम्हाला... रोज बघायला आवडेल. म्हणजे—आयुष्यभर. चालेल?”

“मग बघा ना. काच मध्ये न घेता बघा एकदा.”

त्याने पाहिलं. तीनच सेकंदांत नजर पायांशी गेली. “इतक्या जवळून... सवय नाही.”

“लागेल,” ती म्हणाली, आणि त्याचा हात तिनेच हातात घेतला.

आत शेगडीवर चहा उतू चालला होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मावशी काही केल्या जागची हलत नव्हती.