आता थांबा

चटई मी स्वतः आणलेली नाही, ताईने आणली. जांभळी, रबराचा उग्र वास मारणारी. "महिनाभराची रजा मिळालीय ना? मग नुसती छताकडे बघत पडू नकोस. रोज दुपारी अर्धा तास योगासनं कर," असं म्हणून तिने ती माझ्या खोलीत अंथरलीसुद्धा. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आणि शाळेत शिक्षिका. तिने सांगितलं की करायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना म्हणजे मला. आम्ही दोघीच राहतो.

रजा कशासाठी, ते सांगते. मी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. बारा वर्षं झाली. समोरचा माणूस घाबरलेला असतो. मी पत्ता विचारते, गाडी पाठवते आणि गाडी पोहोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहते. घरात कुणाचा श्वास थांबला असेल, तर फोनवरच्या माणसाला छाती दाबायला सांगायची आणि त्याच्याबरोबर मोजायचं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक. ताल चुकू द्यायचा नाही. पथक दारात आलं, की आम्ही म्हणायचं, "आता थांबा." तोवर हात थांबवायचे नाहीत, हे त्याला सुरुवातीलाच बजावलेलं असतं.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायको उठत नव्हती.

"काका, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही हं," मी म्हटलं.

"नाही थांबणार," ते म्हणाले. फार सभ्य आवाज होता.

चौदाव्या मिनिटाला फोन कट झाला. मी पुन्हा लावला, उचलला नाही. नंतर पथकातल्या माणसाने सांगितलं, की बाई तर केव्हाच गेल्या होत्या. काका त्यांच्या अंगावर ओणवे होऊन, एका पंजावर दुसरा पंजा ठेवून, तसेच गेलेले सापडले.

माझी चूक नव्हती. सगळ्यांनी तसं सांगितलं, साहेबांनी तर लेखी दिलं. पण माझा डोळा लागेनासा झाला. उशीला कान टेकला की धापा टाकत मोजणं सुरू व्हायचं. एक… दोन… रजा संपल्यावर हेडफोन कानाला लावता आला नाही, तर नोकरी जाणार हे उघड होतं, आणि मला दुसरं काहीच येत नाही. पण खरं सांगू? नोकरीबिकरी नंतर. मला झोप हवी होती. झोपेसाठी मी रडले आहे.

तर योगासनं. एका बाईंचं ध्वनिमुद्रण ताईने मोबाइलमध्ये घालून दिलं होतं. आवाज असा, की ऐकतानाच जांभई यावी. "श्वास घ्या… सावकाश सोडा…" पहिले दोन दिवस मला हसू आवरेना, कारण पोटापाण्यासाठी मीही अशाच आवाजात बोलते. मग हळूहळू आवडायला लागलं. पडद्यातून पिवळट उजेड झिरपायचा, पंखा संथ फिरायचा, खालच्या रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. हात वर, हात खाली. पाठीचा कणा एकेक मणका करून जमिनीला टेकायचा. शेवटी शवासन. "त्याचं नाव तेवढं बदलायला हवं होतं," ताई म्हणाली होती.

शवासनात त्या बाई दहा मिनिटं गप्प बसतात. पाचव्या दिवशी त्या शांततेत मला मोजणं ऐकू आलं.

या वेळी ते डोक्यातून येत नव्हतं. दाराकडून येत होतं. त्याच्याबरोबर वास आला, कपाटात राहिलेल्या लोकरीच्या स्वेटरचा आणि गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा. मी डोळे उघडले नाहीत. अंग इतकं जड झालं होतं, की पापणीसुद्धा माझी वाटत नव्हती. एक… दोन… तीन… आणि चारच्या आधी एक लांब, थकलेला श्वास.

भीती वाटली का म्हणाल, तर नाही. वाईट वाटलं. तो माणूस दमला होता हो. मी थांबू नका म्हटलं म्हणून थांबला नव्हता.

रोज दुपारी ते यायचे. नवव्या दिवशी मी ठरवलं, की आपलं राहिलेलं काम आपणच पुरं करायचं. शवासनात पडून, डोळे मिटूनच म्हटलं, "काका…"

मोजणं मंदावलं.

"काका, पुरे झालं. तुम्ही खूप केलंत. आता थांबा."

मोजणं थांबलं. खोलीत अशी शांतता झाली, की माझ्या डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. सुटले एकदाचे, असं वाटलं. ते आणि मीही.

मग दारातून अगदी नम्र आवाज आला, "बरं… थांबतो."

आणि कोपऱ्यातली वेताची खुर्ची करकरली.

बारा वर्षं हाच शब्द वापरत आले. निघालेल्या पाहुण्यालाही आपण हाच म्हणतो, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी हात थांबवायला सांगितलं. त्यांनी इथे थांबायचं ऐकलं.

आता त्यांना जा म्हणायला हवं होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला, घरात बसलेल्याला, तोंडावर 'जा' कसं म्हणायचं? माझी जीभ रेटेना. कुणाला निरोप देताना जे म्हणतो तेच तोंडून गेलं.

"बरं काका… या मग."

शब्द सुटला आणि मी जीभ चावली.

खुर्ची करकरली. पावलं वाजली. दाराकडे नाही… अलीकडे… माझ्या बाजूला. गुडघे कटकन मोडल्याचा आवाज झाला आणि खांद्याशी चटई किंचित दबली. मलमाचा वास अगदी नाकाशी आला.

"आलो," कानाशी कुणी कुजबुजलं. "आता तू सांगेपर्यंत नाही थांबणार."

मला वाटतं, मी किंचाळायला हवं होतं. त्याऐवजी मला झोप लागली. कित्येक दिवसांनी, गाढ, गोड, दिवेलागणीपर्यंत.

त्याला आता दोन महिने होतील. मी कामावर परत गेले, हेडफोन लावते, मोजते, ताल चुकत नाही. झोप तर अशी लागते, की पडल्यावर मेल्यासारखी. योगासनांचा गुण आला, असं ताई सगळ्यांना सांगत सुटली होती. दोन शेजारणींना तिने चटया घ्यायला लावल्या.

मागच्या आठवड्यापासून मात्र ती त्याबद्दल काही बोलत नाही. तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी ती मला हाक मारायला खोलीत आली होती. जाग आली तेव्हा भिंतीला पाठ लावून उभी होती. शाळेतला तो खणखणीत आवाज कुठेच नव्हता.

"श्वास घेताना माणसाची छाती… आधी वर येते ना गं?"

"हो. का?"

"तुझी आधी खाली जाते."