चाळिसावा फोन

नेत्रा ऑफिसात आली तर तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले! बूट दाराशी काढून ठेवलेले, आणि एका मोज्याला अंगठ्याशी भोक.

"अगं आई, ठेवतो आता… टेबलाखाली आहे मी!" पायांचा मालक मोबाइलवर म्हणत होता. बाहेर निघताना त्याचं डोकं टेबलावर आपटलं.

"मी मुकुल. तुमच्या चाळीसही टेबलांवरच्या फोनवर आणीबाणीचा इशारा बसवायला आलोय. आग लागली की सगळे एकदम ओरडणार. एकशे सात नंबरचा फोन तुमचाच ना?"

नेत्राने मान हलवली.

"बोलत नाही का तुम्ही?"

तिने चिठ्ठीवर लिहिलं — आज गुरुवार. बारापर्यंत मौन.

"अरे देवा! आणि दहाला आग लागली तर ओरडणार कोण?"

तिने खाली शांतपणे आणखी एक ओळ लिहिली — म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

तो असा खळखळून हसला, की नेत्राला फाइलीत तोंड लपवावं लागलं.

तारिहाळच्या त्या कारखान्यात त्याचं काम फक्त सहा दिवसांचं. बुधवारी चारला आग लागल्याचा सराव, तो पार पडला की त्याच रात्री बळ्ळारी. पुढचं वर्षभराचं काम तिकडे. शनिवारपर्यंत नेत्राला त्याचं काही वाटलं नाही. सोमवारी मात्र देवापुढे वात लावताना तिने कबूल करून टाकलं — हा माणूस जाऊ नये. आणि देवापुढे कबूल केलेलं ती मागे घेत नसे.

इशाऱ्याला आवाज नेत्राचा, असं मॅनेजर गुरुप्रसाद सरांनी ठरवलं.

"बेंकी बिद्दिदे… होरगे बन्नि…" आग लागलीय, बाहेर या, हे ती इतक्या मऊ कन्नडमध्ये म्हणाली, की मुकुलने माइकच खाली ठेवला.

"असं लाडाने सांगितलंत तर लोक चहा संपवून निघतील. जरा रागवा की!"

"कुणावर?"

"माझ्यावर. सोपं जाईल."

"तुमच्यावर राग… येत नाही हो."

बोलून गेली, आणि कानांपर्यंत लाल झाली. मुकुलने उगाचच वायर गुंडाळायला घेतली, पुन्हा सोडली.

बुधवारी चारला चाळीसही फोन तिच्याच आवाजात ओरडू लागले. निघताना प्रत्येकाने आपल्या फोनवरचं बटण दाबायचं; मग बाहेर आवारात, मुकुलच्या लॅपटॉपवर त्याचा लाल ठिपका हिरवा होणार. नेत्राचा हात बटणाकडे गेला, इतक्यात काचेपलीकडे कमी ऐकू येणारे भीमसेनअण्णा दिसले. कानातलं मशीन टेबलावर, पाठ फोनकडे, आणि नाक रजिस्टरात! ती धावली. त्यांचं बटण तिनेच दाबलं, त्यांना हाताला धरून उठवलं. स्वतःचं राहून गेलं.

बोळात समोरून धापा टाकत कोण आलं? मुकुल!

"एकोणचाळीस हिरवे, एक लाल… तुमचा! बटण का नाही दाबलंत?"

"अहो, आग खोटी आहे. तुम्हीच लावलीत ना?"

"ठाऊक आहे मला!" तो भिंतीला टेकला. "तरी… पाय थांबले नाहीत."

अण्णांना एक अक्षर ऐकू आलं नसावं. पण दोघांकडे पाहून ते मिशीत हसले आणि एकटेच पुढे निघाले.

बाहेर गुरुप्रसाद सरांनी कपाळाला हात लावला. "सराव घेणाराच आत पळाला, मुकुल! हा सराव धरायचा कसा? सोमवारी पुन्हा. बळ्ळारीला मी कळवतो."

भुरभुर पाऊस होता. पत्र्याखाली दोघंच उरली.

"मुद्दाम तर नाही ना राहिलं ते बटण?" मुकुल हळूच म्हणाला.

"मुद्दाम असतं तर तसं सांगितलं असतं. पण राहिलं ते बरं झालं. तुम्ही थांबावं, असं मला वाटतं. आणि सोमवारपुरतं नाही."

"पण बळ्ळारी…"

"बळ्ळारीहून गाड्या परतही येतात. रविवारी सप्तापूरला आमच्या घरी या. अकराला, पूजा आटोपल्यावर. माझे वडील, अप्पा, दार उघडतील."

"आणि… कोण म्हणून आलास, असं त्यांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार," नेत्राने पदर सावरला. "आज घरी गेल्या गेल्या मीच सांगणार आहे त्यांना."