पहिली हाक

भुताची गोष्ट पाहिजे व्हय रं पोरांनो? सांगतो. पण मदीमदी खिदळायचं न्हाय. आन् घरातनं कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. जमत नसंल तर आत्ताच उठा.

सत्त्याऐंशी सालची येळवस, म्हंजी वेळा अमावस्येचा सण. तवा म्या सहकारी कारखान्यावर स्टोअर सांभाळायचो. दुष्काळाचं साल, ऊस आखूड, तरी गाळप चालू. येळवशीला समदी शेतात जेवायला गेलेली, रातपाळीला मोजकीच टाळकी. त्यांनाबी सणाचा घास मिळावा म्हणून म्या भज्जी, उंडे आन् आंबिलीचं मडकं घेऊन नवाच्या सुमाराला केबिनीत गेलो.

तिथं पिराजी बसायचा. डिप्लोमा झालेला, पंचविशीतला, लई गुणी पोरगा. त्याच्या म्होरं नवं मशीन. पाच मोटारींचा वेग तिथनंच कमी-जास्त व्हायचा. परतेक मोटारीला एक डबा, त्याला ड्राइव्ह म्हणायचे, आन् पाची डब्यांना मिळून वायरीची एकच जोडी.

"मग कुणाला सांगितलं ते कळतं कसं रं?" म्या इचारलं.

"परतेक डब्याला नंबर हाय, तात्या. मशीन नंबर घेऊन हाक मारतं. ज्याचा नंबर त्यानंच ओ द्यायची, बाकीच्यांनी गप. डबा आपणहून कदी बोलत न्हाय. तीन हाकांत ओ आली न्हाय, तर लाल दिवा. आन् समदं ह्या कागदावर छापून येतं, तारीख-वेळेसकट."

माझी जीभ वळवळली. म्हनलं, "मशीन शहाणं हाय गड्या. तूबी तसंच कर. ही जागा आदी मसणवटा व्हती. रातचं कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं, पण एकदाच. तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नगंस. न्हायतर गेलास!"

पोरगं पांढरंफटक पडलं. म्या हसत हसत घरी गेलो. मसणवटा न्हाय आन् काय न्हाय. समदं म्या रचलं व्हतं.

चार नंबरची मोटार ऊस चरकाकडं नेणारी साखळी ओढायची. खाली साखळीवरचे जुने कामगार शिवलिंगप्पा मामा अडकलेलं पाचट काढत व्हते. थंडीचे दिवस, गळ्याला मफलर. अकरा चाळीसला त्यो मफलर साखळीत गावला.

"पिराजीऽऽ!"

एकच हाक.

चार नंबर बंद करायचं बटण पिराजीच्या बोटाखाली व्हतं. त्यो थांबला... दुसरी हाक ऐकायला.

दुसरी आलीच न्हाय.

पिराजी मला एवढंच म्हनला, "तात्या, म्या ऐकलं व्हतं." चौकशीला सायेब आले. तवा म्या माझं तोंड उघडलं न्हाय. पोराची नोकरी कशीबशी टिकली, पण समदा दोष म्या त्याच्या माथी जाऊ दिला. त्याची लाज अजून वाटती.

चार नंबर पुन्हा कुणी लावंना. साखळीला नवा डबा आला, त्याला सहा नंबर दिला. जुना डबा वायरी तोडून माझ्या स्टोअरात, आन् कुलपाची किल्ली माझ्या कमरेला.

पुढली येळवस आली. त्या राती म्या पिराजीपाशी जाऊन बसलो. खरं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो व्हतो. पण धीर हुईना.

अकरा चाळीस.

कागदाचं मशीन खडखडलं. कागदावर नंबर उमटला.

चार.

चार तर... स्टोअरात व्हता. किल्ली माझ्या कमरेला.

पिराजी ताडकन उठला. "ओ! ओ मामा, आलो!" त्यानं साखळी बंद केली. पळत खाली. म्या मागनं...

साखळी थांबलेली.

पाचट.

कुणी न्हाय.

पिराजीनं साखळीला हात लावला. मग म्हनला, "एका हाकेला आलो, मामा." आन् ल्हान लेकरावानी रडाय लागला. म्या त्याचे पाय धरले. "मसणवटा खोटा व्हता रं पिराजी. म्या थट्टा केली व्हती." त्यानं पाय सोडवून घेतले.

सकाळी नोकरी सोडून गेला. जाताना ह्यो कागद माझ्या हातात ठिवला.

बॅटरी धरा हिकडं. वरची ओळ बघा, खालची बघा. दोन्हींवर त्या दुसऱ्या येळवशीची तारीख हाय. आता मदली वाचा. चार नंबर. पहिली हाक. उत्तर मिळालं.

तिच्यावरची तारीख वाचा रं कुणीतरी...

व्हय. सत्त्याऐंशीची. मामा गेले त्या रातीची.