सागवानी मत्सर

ज्या व्यक्तीवर आपला अद्याप कोणताही अधिकार नाही, तिच्यावरून मत्सर वाटणे हा मनाचा दोष होय. त्याला फारसा इलाज नाही. परंतु त्या मत्सराच्या आहारी जाऊन हातून अनुचित कृत्य घडले, तर त्याचे प्रायश्चित्त माणसालाच घ्यावे लागते. उत्तनच्या रुबेनला हे भाईंदर पश्चिमेच्या आपल्या लाकडाच्या दुकानात कुणी शिकवले नव्हते.

त्या दुकानात एके सकाळी धप्पकन नाद झाला. रुबेन धावत आला. पाहतो तो एक तरुणी चपला काढून सागाच्या फळीवर अनवाणी उभी!

"काय पडलं?"

"काही नाही... ऐकतेय," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा पाऊल आपटले.

ती समिधा. भरतनाट्यम शिकवीत असे. राई गावाजवळच्या नव्या घरातील एका खोलीत नृत्यवर्गासाठी तिला लाकडी जमीन करून घ्यायची होती. रुबेनने नमुन्याची एक फळी तिच्या हाती दिली. "काही दिवस खोलीतच ठेवा, मॅडम. खाडीची हवा तिच्या अंगात मुरू दे. मी येऊन बघेन."

वस्तुतः येऊन बघण्यासारखे त्यात काही नव्हते. तरी तो गेला. मग कधी मापासाठी, कधी रंगासाठी तिनेच त्याला पुन्हा पुन्हा बोलावले. आणि एके दिवशी बघतो तर त्याच्या सागाला खेटून दुसरीच एक फळी पहुडलेली – मधाच्या रंगाची, तुकतुकीत.

"ही कुठली?"

"बांबूची. मीरा रोडचे जितेंद्र देऊन गेले. बांबू चार-पाच वर्षांत तयार होतो म्हणे. सागाला अख्खा जन्म लागतो. आणि हे ऐका ना..." त्या फळीवर पाऊल आपटून ती गोड हसली.

रुबेनच्या छातीतून करवत फिरली.

"आमच्या उत्तनच्या होड्या सागाच्या. बांबूची होडी पाहिलीय कधी?"

"मला नाचायचंय, मासे नाही धरायचे!"

"साग घासला की पुन्हा नवा होतो. बांबू म्हणजे शेवटी गवतच."

"तुम्ही फळीशी भांडताय, की जितेंद्रशी?"

"जितेंद्र... नुसतं जितेंद्र? इतक्यात?"

"तुम्ही मात्र अजून 'मॅडम'वरच अडलाय," असे म्हणून ती चहा आणायला आत गेली.

श्रावणातली तिरपी सर उघड्या खिडकीतून आत येत होती. खालची लादी भिजली होती. रुबेनने पायाच्या अंगठ्याने बांबूची फळी हळूच तिकडे लोटली. थोडी... आणखी थोडी. मग निमूटपणे चहा प्यायला आणि निघून आला. तो चहा त्याला गोड लागला नाही.

पुढल्या भेटीत समिधाने ती फळी त्याच्यापुढे धरली. एक कड फुगून वर आली होती.

"तुमचंच खरं निघालं. सागच टाकू या. जितेंद्रला आत्ता फोन करते. असला माल देतात? माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांनाही सांगणार आहे, त्या दुकानाची पायरी चढू नका म्हणून."

हवे ते सारे मिळाले होते. केवळ गप्प राहायचे होते. तिने फोन उचलला, आणि रुबेनला ते जमले नाही.

"थांबा. माल चांगला आहे... ती फळी मी ढकलली. खिडकीखाली."

"का?"

"तुम्ही तिच्यावर उभ्या राहून हसलात. माझ्या फळीवर नाही हसलात."

समिधाने फोन खाली ठेवला. मग तिने फुगलेल्या कडेवरून बोट फिरवले.

"दिवसचे दिवस पाण्यात पडून एवढीच फुगली! म्हणजे फळी दणकट आहे. जमीन बांबूचीच होणार, रुबेन."

"बरोबर आहे," तो उठला. "येतो मी."

"कुठे? बसवणार कोण? जितेंद्रची माणसं नकोत मला. एकेक फळी तुम्ही बसवायची, स्वतःच्या हातानं. त्यांच्या दुकानातून आणायचीही तुम्हीच... आणि त्यांना नमस्कार करून."

"ही शिक्षा आहे?"

"अर्धी." तिने मान वळवली, कानाची पाळी तेवढी लाल झालेली दिसली. "त्यांना मी फक्त जमिनीबद्दल विचारत होते. तुम्हाला इतक्यांदा का बोलावलं, ते कधी विचारलंत?"

"...समिधा?"

"आत्ता कुठे सुटला मॅडमचा नाद!"

परमेश्वर त्या दोघांना एकमेकांशी सत्य बोलण्याचे बळ देवो. आणि यातले काहीच ठाऊक नसलेल्या मीरा रोडच्या त्या सज्जनाचेही कल्याण होवो.